काळा घोड्याचे फूट आणि आमच्या जिन्याच्या पायऱ्या

मी सांगलीची. लहानपणी पावसाची झड लागली की घरात एकच प्रश्न असायचा, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णा किती चढली. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. इथली विश्वामित्री म्हणजे एरवी ओढा वाटावा एवढी नदी, काठावर मगरी ऊन खात पडलेल्या. आता दर पावसाळ्यात समोरची भाभी दार वाजवते, "बेन, काळा घोडा केटला फूट?" म्हणजे काळा घोड्याजवळच्या पुलाशी विश्वामित्री किती फुटांवर आली. प्रश्न तोच राहिला, फक्त पूल बदलला.

आमची सोसायटी कारेलीबागेच्या बाजूला, तळमजला अधिक तीन मजले, सोळा घरं. सेक्रेटरी मी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. २०१९च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, तेव्हा पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं. २०२४च्या ऑगस्टअखेरीस काळा घोड्याजवळच्या पुलाशी नदी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि आमची नववी पायरी बुडाली. पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या मीटिंगला सगळ्यांचं एकमत होतं: भिंत बांधू. किती उंच, कुठून कुठपर्यंत, पाणी नेमकं येतं कुठून, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

माझी नोकरी जमाखर्च लिहिण्यात गेली. आधी नोंद, मग ताळेबंद, मग खर्च, हा क्रम हाडात भिनलेला. म्हणून बघितलं की एवढा मोठा देश बदलत्या हवामानाचा हिशेब कसा मांडतो. निघालं असं की तोही आधी मोजतो, मग सरासरी काढतो, कल बघतो, पुढचा अंदाज बांधतो, झळ कोणाला बसणार ते ठरवतो आणि शेवटी पैशांकडे येतो. हेच सोळा घरांच्या सोसायटीला करता येतं. कसं करायचं ते सांगते.

डबा, काटा आणि वही

भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. त्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला. तुम्हीही हीच वेळ धरा, नाहीतर तुमचा आकडा कोणाच्याच आकड्याशी जुळणार नाही. वर्तमानपत्रात येणारे तालुकावार आकडे राज्याच्या आपत्ती कक्षाचे असतात, ते सकाळी सहा ते सहा. हे कळेपर्यंत एक अख्खा पावसाळा मी वर्तमानपत्राला खोटं ठरवत होते.

पर्जन्यमापक विकत मिळतो, पण स्वयंपाकघरातलं सामान पुरतं. वीस सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं घ्या, ते एका बाटलीत बसवा आणि बाटली बादलीत ठेवा. मोठ्या पावसात बाटली भरून वाहिली तरी पाणी बादलीत सापडतं. मात्र नरसाळ्याची कड बादलीच्या कडेच्या बाहेर जायला हवी, नाहीतर बादली स्वतःचा पाऊस गोळा करते. सकाळी सगळं पाणी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर मोजा. या तोंडाच्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ ग्रॅम पाणी. ग्रॅमला ३१.४ने भागलं की झाले मिलिमीटर. फूटपट्टीपेक्षा हे बरं, कारण बाटलीचा आकार कसाही असला तरी चालतो.

जागा मात्र नीट निवडा. जवळची भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर मापक हवा आणि त्याची कड जमिनीपासून साधारण तीस सेंटिमीटरवर. मी पहिल्या वर्षी गच्चीच्या कठड्यावर ठेवला होता. वाऱ्याने पाऊस तिरका जायचा, आकडे कमी यायचे, वर कबुतरं येऊन पाणी प्यायची. ते वर्ष वहीत आहे, पण मी त्यावर लाल रेघ मारली आहे. खाडाखोड करायची नाही, नुसती रेघ मारायची आणि कारण लिहायचं. ऑडिटवाल्यांनी शिकवलेली ही एवढीच एक गोष्ट आयुष्यभर उपयोगी पडली.

तापमापकाचंही तसंच. भिंतीला टेकवून लावला तर तो भिंतीचं तापमान सांगतो. सावलीत, वारा खेळतो अशा जागी, छातीच्या उंचीवर लावा आणि एसीच्या बाहेरच्या डब्यापासून लांब ठेवा. आमच्या खालच्या काकांचा तापमापक रोज रात्री नऊ ते अकरा चार अंश वर चढायचा. काका त्याला हवामानबदल म्हणायचे. तो त्यांच्याच मुलाच्या खोलीचा एसी होता.

शब्दांची मापं

टीव्हीवर प्रत्येक पाऊस "मुसळधार" असतो. हवामान विभागाच्या शब्दांना मात्र मापं आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे "जोरदार", ११५.६पासून "अतिजोरदार" आणि २०४.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे "अत्यंत जोरदार". इंचांत धरा अडीच, साडेचार, आठ. बडोद्याला वर्षभरात सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आठ इंचांचा एक दिवस वर्षाचा पाचवा हिस्सा उरकून जातो.

रंगही तसेच वाचा. हिरवा म्हणजे काही करायचं नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हे इशारे फोनवर "मौसम" आणि "सचेत" या ॲपांवर मिळतात. विजेसाठी "दामिनी" आहे, ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. फॉरवर्ड होऊन आलेला लाल चौकोन कधीच्या तारखेचा आहे ते आधी बघा. २०१९चा एक इशारा आमच्या ग्रुपवर अजून दर जुलैत नव्याने येतो.

देशाचा ताळेबंद

एका पावसाळ्यावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही. त्यासाठी निदान तीस वर्षांची सरासरी धरतात. माझी वही सहा वर्षांची, म्हणजे माझ्याकडे हवामान नाही, नुसती हवा आहे. सरासरी देशाकडून उसनी घ्यावी लागते. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१पासूनचा देशभरचा रोजचा पाऊस चौकोनांमध्ये मांडून ठेवला आहे, एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा, म्हणजे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा. तुमचा चौकोन शोधा. घरात संगणकाशी खेळणारं कॉलेजचं पोर असेल तर त्याला या कामाला लावा, एका रविवारात आकडे निघतात.

कल काय सांगतो? २०२०मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भारतीय प्रदेशातल्या हवामानबदलाचा आढावा काढला. त्यातले तीन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५मध्ये जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. आणि १९५० ते २०१५मध्ये मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण कमी आणि एकदम जास्त, दोन्ही एकाच वेळी. महिन्याचा पगार कमी झाला आणि उरलेला एकाच दिवशी रोख हातात पडला, तसं. यामागचं कारण सोपं आहे: हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि धरलेलं सोडते तेव्हा जोरात सोडते. २०२४मध्ये आपल्याला बुडवणारी पावसाची प्रणाली गुजरातवरून पुढे अरबी समुद्रात गेली आणि तिथे तिचं "असना" चक्रीवादळ झालं. ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं १९७६नंतर पहिल्यांदाच घडलं.

तरीही तो ७५ टक्क्यांचा आकडा मध्य भारताचा आहे, माझ्या गल्लीचा नाही, हे विसरू नका. पुढच्या अंदाजांचं तर आणखीच. दक्षिण आशियासाठी संगणकावर हवामानाची जी प्रादेशिक प्रारूपं चालवतात, त्यातला एक चौकोन पन्नास किलोमीटरचा असतो. पावागढ आणि बडोदा एकाच चौकोनात बसतील. अशा अंदाजावरून "२०५०मध्ये आमच्या पार्किंगमध्ये किती पाणी" हे कोणी सांगत असेल तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. अंदाजातून दिशा घ्यायची. उंची जिन्यावरून.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" याचाही अर्थ लावून घ्या. २०२४नंतर खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, आता आपण नव्याण्णव वर्षं मोकळे. त्या शब्दांचा अर्थ असा की दर वर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांच्या घरकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता अठरा टक्के होते. तीही हवामान बदलत नसेल तर.

पायऱ्यांचं कोष्टक

आता आमचं खरं काम. जिन्याच्या भिंतीवर २०१९ची आणि २०२४ची पाण्याची रेघ तैलरंगाने आखली, तारखेसकट. रंगारी म्हणाला, पुट्टी मारून झाकून टाकू का? मी त्याला जवळजवळ हाकलला. तुमच्याकडे जुनी रेघ नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. २००५ आणि २०१४चे पूर अनेकांना कपाटाच्या कप्प्यानिशी आठवतात. १९२७ची गोष्ट सांगणारे आता उरले नाहीत, पण दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरात "आजोबा सांगायचे" म्हणून ऐकायला मिळतं.

मग काळा घोड्याची पातळी आणि आपली जागा यांची सांगड घातली. नदीची धोक्याची पातळी सव्वीस फुटांच्या आसपास धरतात. आमच्याकडे एकोणतीस फुटांना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीशी पाणी येतं, बत्तीसला फाटकात आणि तेहतीसला पहिल्या पायरीवर. तिथून पुढे नदीचा एक फूट म्हणजे आमच्या दोन पायऱ्या. हे कोष्टक फक्त आमचं आहे. तुमच्या गल्लीचं तुम्हालाच काढावं लागेल, आणि दोन पुरांवर काढलेल्या कोष्टकावर जीव टाकायचा नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. आमच्याकडे पाणी आधी नदीच्या बाजूने येतच नाही, कांसातून येतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी: पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या नाल्याला इथे कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस अशी त्यांची नावं आहेत. नदी चढली की कांसाचं तोंड दाबलं जातं आणि पाणी उलटं गल्लीत शिरतं. मग नदीकडच्या बाजूला भिंत बांधून काय उपयोग?

पुढे किती चढेल ते वरच्या बाजूला बघून कळतं. विश्वामित्री पावागढहून येते, म्हणून मी आमच्या पावसापेक्षा हालोल आणि वाघोडियाचा पाऊस आधी बघते. त्यानंतर आजवा. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं हे सरोवर; त्याची पातळी २१२ फुटांच्या आसपास आली की जास्तीचं पाणी विश्वामित्रीत येणार हे धरून चालायचं. आपल्याकडे पाऊस थांबून ऊन पडलंय आणि तरी नदी चढतेय, असं होतं ते यामुळे. २०२४ला पाऊस ओसरला म्हणून आमच्यातल्या दोघांनी वर नेलेल्या गाड्या परत खाली आणल्या होत्या.

वाटेत कोण आहे

अभ्यासक धोक्याचे तीन भाग करतात: संकट किती मोठं, त्याच्या वाटेत कोण आहे, आणि जो वाटेत आहे तो किती नाजूक. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने याच तऱ्हेने राज्यांची तुलना केली, हवामान विभागाने २०२२मध्ये जिल्हावार नकाशांचा संग्रह काढला. आपण एका कागदावर करायचं.

मी सोळा घरांची यादी केली. कोण तळमजल्यावर, कोणाच्या घरी इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, कोणाला जिना चढवत नाही, रात्री कोण एकटं असतं. यादी मीटिंगमध्ये वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा घेऊन वॉचमन आला, आणि यादीत तो नव्हता. पार्किंगच्या मागच्या खोलीत तो, त्याची बायको आणि दोन मुलं राहतात. ती खोली पहिल्या पायरीच्याही खाली आहे. सोळा घरं म्हणता म्हणता सतरावं राहून गेलं होतं. २०२४ला ती माणसं कुठे होती, असं मी विचारलं. तो म्हणाला, "गच्चीवर, बेन. टाकीखाली." आम्ही सगळे वरच्या मजल्यांवर एकमेकांकडे खिचडी खात होतो.

आता यादीत पहिलं नाव त्याचं. काळा घोडा सत्तावीस झाला की त्याचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये जातं. मालक परदेशात आहेत, किल्ली माझ्याकडे. एकोणतीसला तळमजल्यावरच्या आजींना वर आणायचं. उचलायची खुर्ची कोणाकडे आहे, उचलणारे चौघे कोण, हे नावानिशी लिहिलेलं आहे.

पैसे कुठे घालायचे

देशाकडे २००८ची राष्ट्रीय कृती योजना आहे, तिच्यात पाण्यापासून हिमालयापर्यंत आठ अभियानं. गुजरातने २००९मध्ये हवामानबदलाचं स्वतंत्र खातं काढलं. आमच्याकडे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला सिंकिंग फंड होता आणि तोही अर्धा लिफ्टसाठी राखलेला. म्हणून जिथे थोड्या पैशांत जास्त वाचतं तिथून सुरुवात केली.

मीटरपेट्या नवव्या पायरीच्या दोन हात वर नेल्या. पाण्याची मोटर चौथऱ्यावर चढवली. ड्रेनेजच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे गटाराचं पाणी तळमजल्याच्या संडासातून उलटं येत नाही. वर्षातून दोनदा तो उघडून साफ केला नाही तर कचरा अडकून तो उघडाच राहतो, तेव्हा साफसफाईची तारीखही वहीत घाला. जमिनीखालच्या टाकीला रबराची कड असलेलं झाकण बसवलं, श्वासाचा पाइप उंच नेला. एवढं झालं आणि निम्मं नुकसान टळण्यासारखं झालं.

भिंतीचा ठराव मी मतदानाला येऊ दिला नाही. आमच्या मागे झोपड्यांची रांग आहे. भिंत बांधली असती तर आमच्याकडे येणारं पाणी तिथे साचलं असतं. अनुकूलन म्हणून, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला, केलेलं काम दुसऱ्याच्या गळ्याशी येतं, त्यासाठी अभ्यासकांकडे वेगळा शब्दही आहे. मला सांगलीचा शब्द पुरतो: आपलं मढं दुसऱ्याच्या दारात.

उलट गच्चीचा हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमची गच्ची तीनशे चौरस मीटर. दोनशे मिलिमीटरच्या दिवशी ती साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर गल्लीत ओतते, आणि मार्चमध्ये आम्ही टँकर विकत घेतो! आता गाळणी लावून ते पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात जातं. पूर याने थांबत नाही, सहा टँकरांनी विश्वामित्री हलत नसते. मार्चमधले टँकर मात्र कमी झाले.

गाडीच्या विम्याचं एवढंच: पाणी शिरलेली गाडी चालू करून बघू नका. साध्या पॉलिसीत असं बिघडलेलं इंजिन सहसा धरत नाहीत. टोचन लावून गॅरेजला न्या.

उन्हाळ्याचं थोडक्यात. मैदानी भागात पारा निदान चाळीसवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा सरळ पंचेचाळीस झाला, की उष्णतेची लाट म्हणतात. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातला पहिला. त्यातून आम्ही उचललं ते एवढंच: केशरी इशाऱ्याला फाटकाशी माठ, दुपारी बारा ते चार कोणालाही सामान चढवायला लावायचं नाही, आणि गच्ची पांढरी. गुजरातेतली चायना मोझेकची, म्हणजे पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेली गच्ची जुनी आणि शहाणी, पण तिचे तुकडे उखडले की लोक वर काळं डांबरी आवरण चिकटवतात. आम्ही चुना मारला. तिसऱ्या मजल्यावरची भाभी म्हणते, रात्री पंखा गरम हवा फेकत नाही. माझ्या वहीत याचा आकडा नाही, कारण चुन्याआधी तिच्या खोलीत तापमापक लावायचं मला सुचलं नाही. तुम्ही आधी लावा.

वही दर वर्षी मेअखेरीस मीटिंगमध्ये उघडायची, कोष्टक पुन्हा तपासायचं, यादीतली नावं बदलायची. गेल्या वर्षी गणपतीत मी दहा दिवस सांगलीला होते. डबा मोजायचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या पोराला दिलं. परत आले तर चार दिवसांचे रकाने रिकामे. विचारलं, तर म्हणाला, "मावशी, पाऊसच नव्हता ना." त्याला समोर बसवून सांगितलं: पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे कोणी बघितलंच नाही. त्याने चार शून्यं लिहायला पेन्सिल उचलली, तीही मी थांबवली. त्या चार दिवसांवर आता लाल रेघ आहे आणि शेजारी त्याच्या अक्षरात कारण: "मला वाटलं लिहायचं नसतं."